तीनदा सांगूनही: मंगळूर विमान दुर्घटना आणि दोषाचा हिशेब

अहमदाबादची विमान दुर्घटना होऊन महिना उलटला होता. जुलै 2025 मधली संध्याकाळ, फोंड्यातल्या एका वाचनालयाची वरची खोली, बाहेर धो धो पाऊस आणि समोर तीसेक माणसं. विमान अपघातानंतर कायदा काय करतो, यावर मी बोलायचं ठरलं होतं. प्राथमिक अहवाल नुकताच आला होता. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद झाले; एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘बंद का केलंस’ असं विचारलं, दुसरा ‘मी नाही केलं’ म्हणाला. एवढ्या दोन वाक्यांवर घराघरांत निकाल लागून गेले होते.

मी सुरुवात करण्याआधीच डिचोलीहून आलेल्या एका वहिनींनी विचारलं, “वकीलबाब, आमचे हे दुबईला असतात. वर्षातून दोनदा येणंजाणं होतं. उद्या काही झालंच तर मी कुणाच्या दारात उभी राहू? आणि चूक कुणाची, ते मला कोण सांगणार?”

मागून कुणीतरी “अशुभ बोलू नये” म्हणालं. पण प्रश्न अशुभ नव्हता, शहाणा होता. अहमदाबादचा तपास अपुरा असताना त्यावर बोलणं मला पटत नव्हतं, म्हणून मी मंगळूरचं प्रकरण घेतलं. तिथे चौकशी झाली, भरपाईचे वाद झाले आणि एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपला. शिवाय त्या विमानातली माणसं आपल्यासारखीच होती, किनारपट्टीवरची, आखातात राबणारी, सुटीला घरी निघालेली. त्या संध्याकाळी जे बोललो आणि नंतर कागद पुन्हा वाचताना जे सुचलं, ते इथे एकत्र मांडतो आहे.

22 मे 2010. एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबई-मंगळूर विमान, बोइंग 737-800, पहाटे सहाच्या सुमारास बजपेच्या, म्हणजे मंगळूर विमानतळाच्या, धावपट्टीवर उतरत होतं. आत 160 प्रवासी आणि 6 कर्मचारी होते. धावपट्टी डोंगर सपाट करून बांधलेली, दोन्ही टोकांना दरी. अशा धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात. दोघाही वैमानिकांना ती नवी नव्हती.

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात दोन तासांचा आवाज टिकून राहिला. त्यातला सुरुवातीचा जवळजवळ एक तास चाळीस मिनिटांचा भाग संभाषणाविना आहे. ऐकू येतं ते अधूनमधून कप्तानाचं घोरणं. रात्रीचं उड्डाण, शरीराला सर्वांत जड जाणारे ते पहाटेचे तास. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धी जागी होत नाही. डोळे उघडे असतात, हात चालत असतात, पण निर्णय झोपेतलेच असतात. चौकशीने याला झोपेचं जडत्व म्हटलं.

मंगळूरचं रडार 20 मेपासून बंद होतं. त्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा धावपट्टीच्या जवळ आल्यावर मिळाली. तरीही उतरण्याचा हिशेब नीट मांडता आला असता, असं अहवाल सांगतो. तो मांडला गेला नाही आणि विमान उंचच राहिलं. धावपट्टीच्या तोंडाशी ते सुमारे 50 फुटांवर असायला हवं होतं, होतं सुमारे 200 फुटांवर. वेग 144 नॉट हवा होता, होता 160 च्या वर. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटलं. म्हणजे हे उतरणं सोडा, पुन्हा वर घ्या, फेरी मारून परत या. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारं यंत्रही ओरडत होतं. कप्तानाने उतरणं सोडलं नाही.

चाकं टेकली तेव्हा आठ हजार फुटांच्या धावपट्टीपैकी सुमारे 5,200 फूट मागे पडली होती. त्यानंतरही वाट होती. टेकल्याबरोबर पूर्ण ब्रेक लावून विमान थांबवलं असतं तर ते पक्क्या भागातच थांबलं असतं, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. कप्तानाने आधी इंजिनांचा उलटा जोर लावला आणि काही सेकंदांत विचार बदलून पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न केला. उलटा जोर एकदा लावला की थांबायचंच, हा वैमानिकीतला पक्का नियम आहे. धावपट्टीपलीकडे दिशादर्शक अँटेनाचा काँक्रीटचा पाया होता. उजवा पंख त्याला धडकला, विमान दरीत गेलं आणि पेटलं. 158 माणसं गेली. 8 प्रवासी वाचले.

मी एवढं सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “म्हणजे चूक कप्तानाचीच. मग पुढे काय उरलं?”

पुढचं सगळं इथूनच सुरू होतं. आपण ‘चूक कुणाची’ हा एकच प्रश्न घेऊन निघतो, आणि कायद्यात त्याला तीन वेगळी दारं आहेत. प्रत्येक दारात तो प्रश्न वेगळाच होऊन बसतो.

पहिलं दार चौकशीचं. सरकारने हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमलं. नावात न्यायालय असलं तरी तिथे कुणाला शिक्षा होत नाही आणि कुणाला भरपाई मिळत नाही. अपघाताच्या तपासाचा हेतू एकच, पुढचा अपघात टाळणं. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डयनाच्या नियमांत हे तत्त्व पूर्वीपासून आहे. 2012 साली आपल्याकडे अपघात तपासाचे स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र यंत्रणा आली, तेव्हा त्यांतही ते लिहिलं गेलं: दोष किंवा दायित्व वाटून देणं हे तपासाचं काम नाही.

हे मला मनापासून योग्य वाटतं. आपल्या शब्दांवरून खटला उभा राहणार नाही याची खात्री असेल तरच माणूस खरं बोलतो. पण त्यामुळे तो अहवाल वाचायचा कसा, हे कळावं लागतं. गोखले अहवालाने थेट कारण म्हणून कप्तानाचा हट्ट लिहिला: सहवैमानिकाने तीनदा सांगूनही आणि यंत्राने इशारे देऊनही त्याने उतरणं चालू ठेवलं. वर्तमानपत्रांनी तिथेच मथळा केला. त्याच पानावर पुढे हातभार लावणारी कारणं आहेत, ती फारशी कुणी वाचली नाहीत. लांबलेली झोप, पहाटेची वेळ, बंद पडलेलं रडार, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं एक वाक्य. सहवैमानिकाने उतरणं स्वतःच्या हाताने सोडून द्यावं का, याविषयी वेगवेगळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती. बहुधा म्हणूनच तो सांगत राहिला, पण त्याने ताबा घेतला नाही.

हे वाक्य मी वाचनालयात दोनदा वाचलं. एक माणूस बरोबर होता. त्याला पुढे काय होणार ते दिसत होतं आणि तो बोलतही होता. वरिष्ठाच्या हातातून ताबा घ्यावा की नाही, हे त्याला कुठल्याही कागदाने निःसंदिग्ध सांगितलेलं नव्हतं. ते कागद लिहिणारी माणसं त्या सकाळी विमानात नव्हती. आपापल्या घरी होती.

दुसरं दार भरपाईचं. इथे वहिनींना सर्वांत जास्त रस होता आणि तो रास्तच होता.

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासात कंपनीची भरपाईची जबाबदारी ठरवणारा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात आला 2009 च्या जूनअखेर, म्हणजे मंगळूरच्या आधी अकरा महिनेसुद्धा झाले नव्हते. 1972 च्या हवाई वाहतूक कायद्याला तो तिसरी अनुसूची म्हणून जोडलेला आहे. त्याची रचना दोन पायऱ्यांची आहे. मंगळूरच्या दाव्यांत पहिली पायरी 1 लाख एसडीआरची धरली गेली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्या वेळच्या भावाने ही रक्कम 70 ते 75 लाख रुपयांच्या घरात जात होती. 28 डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा 1,51,880 एसडीआर आहे. इथपर्यंतच्या नुकसानीला कंपनी ‘आमची चूक नव्हती’ असं म्हणून हात झटकू शकत नाही. त्यावरच्या नुकसानीला वरची मर्यादाच नाही. मात्र आपला हलगर्जीपणा नव्हता, किंवा सगळा दोष तिसऱ्याचाच होता, हे कंपनीने सिद्ध केलं तर ती वरच्या रकमेतून सुटते.

आता कप्तानाची चूक या चौकटीत ठेवून पाहा. कप्तान कंपनीचा नोकर. कामावर असताना त्याने केलेला हलगर्जीपणा हा कंपनीचाच. म्हणजे ज्या निष्कर्षाने कप्तानाला दोषी ठरवलं, त्यानेच कुटुंबांसाठी दुसऱ्या पायरीचं दार उघडलं. पैशांच्या दाव्यात कुटुंबांना आणखी काही शोधण्याची गरज उरली नाही. रडार कुणी वेळेवर दुरुस्त केलं नाही, रात्रपाळ्यांचं वेळापत्रक कुणी आखलं, सहवैमानिकाच्या अधिकारांविषयी सूचना कुणी धूसर ठेवल्या, हे कुठल्याही वादीला सिद्ध करावं लागणार नव्हतं. कुटुंबाला पैशांसाठी कप्तानाचा दोष पुरत होता. वरच्या खुर्च्यांनाही तोच पुरत होता, कारण तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळतं ते हेच. सगळ्यांची गरज एका मृत माणसाच्या नावावर भागते आणि जिवंत माणसांना कुणी प्रश्न विचारत नाही.

कुटुंबांची वाट तरीही सोपी नव्हती. सुरुवातीला कंपनीने अंतरिम मदत दिली, 12 वर्षांवरील मृतामागे 10 लाख रुपये आणि त्याखालच्या मुलामागे 5 लाख. मग एक वडील केरळ उच्च न्यायालयात गेले. मुलगा तरुण, नुकता कमावता झालेला. जुलै 2011 मध्ये एकल न्यायाधीशांनी म्हटलं की 1 लाख एसडीआर ही किमान रक्कम आहे, ती प्रत्येक कुटुंबाला द्यावीच लागेल. थोड्याच दिवसांत त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. ती रक्कम किमान नाही. नुकसान किती झालं ते दाखवावं लागेल, आणि सिद्ध झालेल्या नुकसानीपुरतीच जबाबदारी राहील.

करार वाचला की खंडपीठाचा अर्थ शब्दांना धरून आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण त्याचा घरातला परिणाम कठोर आहे. ज्याचा पगार कमी, त्याच्या मृत्यूची किंमत कमी. मजुराच्या विधवेला आणि व्यवस्थापकाच्या विधवेला एकाच दरीतून वेगवेगळे आकडे मिळतात.

व्यवस्थापकाच्या कुटुंबाचं प्रकरण ते हेच, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं. मृत गृहस्थ 45 वर्षांचे, दुबईतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पत्नी आणि मुलांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगात तक्रार केली. आयोगाने 7.35 कोटी रुपये दिले, पण हिशेबात पगारातले काही भत्ते वगळले. मालक ते केव्हाही बंद करू शकतो, हा त्यामागचा विचार. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. पगार वेगवेगळ्या नावांखाली विभागलेला असतो त्याला अनेक कारणं असतात, म्हणून उत्पन्न मोजताना ते भाग कापता येणार नाहीत. रस्ते अपघाताच्या निकालांत घडलेलीच पद्धत वापरली गेली: उत्पन्न, पुढच्या वाढीसाठी 30 टक्के, स्वतःच्या खर्चाची वजावट, वयानुसार गुणक. एकूण 7.64 कोटी आणि थकीत रकमेवर 9 टक्के व्याज. अपघाताला तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

इथे वहिनींचे सासरे मध्ये बोलले. ते मागच्या बाकावर होते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. “आमच्या गोव्यात नवरा-बायकोचा अर्धा अर्धा वाटा असतो. मग अर्धे पैसे सुनेचे आणि अर्ध्यात मुलं, असंच ना? इन्व्हेंटरी करावी लागणार.”

या गैरसमजावर मला पूर्वी घरं फुटलेली दिसली आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे सहसा पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि कुणी वारल्यावर वाटणी इन्व्हेंटरी नावाच्या न्यायालयीन प्रक्रियेतून होते, हे खरं. पण ती मयताच्या मालमत्तेची वाटणी. विमान अपघाताची भरपाई मयताने मागे ठेवलेली मालमत्ता नाही. 1972 च्या कायद्याचं पाचवं कलम स्पष्ट सांगतं की ती प्रवाशाच्या कुटुंबातल्या ज्यांचं त्याच्या मृत्यूने नुकसान झालं, त्यांच्यासाठी आहे. त्या कुटुंबात पत्नी किंवा पती, आई-वडील, सावत्र आई-वडील, आजी-आजोबा, भावंडं, मुलं, सावत्र मुलं, नातवंडं सगळी मोडतात. भारतात एका मृत्यूमागे एकच दावा चालतो, आणि त्यातल्या रकमेचे भाग पाडण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. म्हणजे सुनेने एका वकिलाकडे आणि दिराने दुसऱ्याकडे जाण्यात अर्थ नसतो. म्हाताऱ्या आईचा औषधपाण्याचा खर्च मुलगा करत होता, तर तिचं नुकसान खरं आहे, वारसाच्या कागदात तिचं नाव कितव्या ओळीत आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. सासरे काही बोलले नाहीत. वहिनींनी मात्र मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

मुदतीचंही सांगतो, कारण तिथे माणसं रडतात. करारानुसार दोन वर्षांत दावा लावला नाही तर हक्कच संपतो. कंपनीशी बोलणी चालू आहेत, हे कारण त्यात पुरत नाही. दावा कुठे लावायचा, तेही तिकिटावर अवलंबून असतं. जाण्या-येण्याचं तिकीट दुबईहून निघालेलं असेल तर कायद्याच्या लेखी त्या प्रवासाचं अंतिम ठिकाण दुबईच, मधल्या काळात माणूस डिचोलीत महिनाभर राहिला असला तरी. मॉन्ट्रियल कराराने मृत्यूच्या दाव्यांसाठी एक दार वाढवलं: प्रवाशाचं कायमचं वास्तव्य ज्या देशात, आणि कंपनीची सेवाही जिथे आहे, तिथेही दावा लावता येतो. आखातातल्या गोवेकराला हे मोलाचं आहे, पण कायमचं वास्तव्य गोव्यात होतं हे दाखवणारे कागद घरात हवेत. अंतरिम रक्कम घेतल्याने हक्क जात नाही, ती शेवटच्या रकमेतून वजा होते. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करणं निराळं. अपघातानंतर समजून केलेली तडजोड सहसा बांधून ठेवते. तेराव्याच्या आत असल्या कुठल्याही कागदावर सही करू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

तिसरं दार फौजदारी. त्याविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि दुःख त्याचंच आहे. हलगर्जीपणाने मृत्यूला कारणीभूत होण्याचा गुन्हा जुन्या दंड संहितेत 304अ कलमात होता, कमाल शिक्षा दोन वर्षं. आता भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत आहे. पण फौजदारी कायद्याला एक माणूस हवा असतो, आणि त्याच्या कृतीतून मृत्यूपर्यंत जाणारा सरळ धागा हवा असतो. मंगळूरला तो धागा कप्तानाच्या हातात होता आणि कप्तान मेला होता. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. बंद रडार, धूसर सूचना, वेळापत्रक यांच्यापासून निघणारे धागे लांब आहेत, मध्ये पुष्कळ सह्या आहेत, आणि प्रत्येक सही करणारा म्हणू शकतो की माझ्या सहीने विमान पडलं नाही.

त्या सह्या करणाऱ्यांना तुरुंगात टाका, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की चौकशी अहवालातल्या प्रत्येक शिफारशीपुढे एका जिवंत अधिकाऱ्याचं पद आणि तारीख असावी. हे यांनी, या दिवसापर्यंत करायचं. झालं नाही तर का नाही, याचं उत्तर त्यांनीच संसदेसमोर द्यायचं. भरपाई कंपनीच्या विम्यातून जाते. शिक्षा मृताला होत नाही. मग व्यक्तीची जबाबदारी उरावी कुठे?

7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडला तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, तसलीच टेबलटॉप धावपट्टी. पाऊस, पाठीमागून वारा, अर्ध्या धावपट्टीनंतर टेकलेली चाकं. 21 जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. कप्तान मराठी होते, हवाई दलातून आलेले, अत्यंत अनुभवी. अहवालाने पुन्हा वैमानिकाने कार्यपद्धती न पाळणं हे संभाव्य कारण धरलं. पण या वेळी त्याने आणखी एक गोष्ट लिहिली. त्या तळावर कंपनीने पुरेसे कप्तान ठेवले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी परत पोचण्याचं दडपण कप्तानाच्या निर्णयावर पडलं. मंगळूरनंतर अकरा वर्षांनी एका अहवालात कार्यालयातल्या टेबलाचा उल्लेख आला, हे पुढचं पाऊल मी मानतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये अहमदाबादच्या विमानाच्या कप्तानाचे 91 वर्षांचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्तींनी त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला कुणी दोष देऊ शकत नाही, हे ओझं बाळगू नका. ती बातमी वाचताना मला वाचनालयातली ती संध्याकाळ आठवली. जुलैमध्ये त्या खोलीत, माझ्यासकट, किती जणांनी मनात निकाल देऊन टाकला होता.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात वहिनींनी मला थांबवलं. नवऱ्याचे पगाराचे कागद, भत्त्यांसकट, मागवून घेते म्हणाल्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि सासूबाईंच्या औषधांच्या पावत्याही त्याच पिशवीत ठेवीन म्हणाल्या. मग छत्री उघडता उघडता त्यांनी विचारलं, “आणि तो सहवैमानिक? त्याच्या घरच्यांसाठी यातलं कुठलं दार?”

यातलं कुठलंच नाही, असं मला सांगावं लागलं. मॉन्ट्रियल करार प्रवाशांसाठी आहे आणि विमानातले कर्मचारी प्रवासी नसतात. त्यांचा हक्क नोकरीच्या करारातून येतो, त्यांच्या विम्यातून येतो, आणि नोव्हेंबर 2025 पर्यंत तो 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातून येत होता, ज्याच्या व्याख्येत विमानाचे कप्तान आणि कर्मचारी नावानिशी होते. त्या कायद्याचा हिशेब करताना महिन्याच्या पगाराला कमाल मर्यादा धरत. 2020 च्या अधिसूचनेत ती 15,000 रुपये होती.

“तीनदा सांगितलं होतं ना त्याने?” वहिनी म्हणाल्या.

हो, म्हटलं. तीनदा.